गिअरबॉक्स गेला म्हणजे गाडी गेली का?

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचं काम निघालं की ही म्हण कुणी ना कुणी ऐकवतंच. ऐकवणारा दोन आकडे शेजारी मांडतो: गाडी विकली तर किती येतील आणि दुरुस्तीला किती जातील. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ सरकला की त्याच्या दृष्टीने निकाल लागलेला असतो. काढून टाका.

मला हा हिशेब कधीच पटला नाही. कोंबडी खाल्ली की संपते, गाडी दुरुस्त झाली की चालायला लागते. ती आणखी किती महिने चालणार, आणि तेवढेच महिने दुसऱ्या एखाद्या गाडीतून मिळवायला किती पैसे लागतील, हे बघायला हवं. ते कळण्यासाठी आधी नक्की काय बिघडलंय, बाकीची गाडी कशी आहे आणि दुरुस्तीचे कोणते मार्ग उघडे आहेत, हे माहीत असावं लागतं. हिशेब सगळ्यात शेवटी. बहुतेकांचं उलटं होतं. गॅरेजमधून फोनवर एक आकडा ऐकला की पोटात गोळा येतो आणि त्याच दिवशी गाडीचा फैसला होतो.

सगळ्यात आधी: गाडी चालवणं थांबवा

घरघर वाढत चाललीय, ऑटोमॅटिक गाडीत रेस वाढते पण वेग वाढत नाही, खाली तेल सांडतंय, यातलं काहीही असेल तर ‘गॅरेजपर्यंतच तर जायचंय’ म्हणून गाडी दामटू नका. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये एक बेअरिंग झिजलं की त्याचा कीस तेलातून सगळीकडे फिरतो आणि धडधाकट बेअरिंगही खातो. ऑटोमॅटिकमध्ये घसरणाऱ्या क्लच प्लेटा काही किलोमीटरांतच जळून काळ्या होतात. आज एका भागाचं असलेलं काम आठवड्याने अख्ख्या बॉक्सचं होतं.

गाडी ओढून न्यायची असेल तर आणखी एक सांभाळा. ऑटोमॅटिकमधलं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चालकचाकं (इंजिनाची ताकद ज्यांना मिळते ती चाकं) जमिनीवर फिरवत गाडी ओढली, तर आतले भाग कोरडे फिरतात. म्हणून चालकचाकं उचललेली हवीत, आणि चारही चाकांना ताकद जात असेल तर गाडी पूर्ण ट्रकवर चढवलेली हवी.

गाडी उभी असताना तिच्याखाली रात्रभर पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय आणि कसा आहे ते पाहा. लालसर पातळ डाग बहुधा ऑटोमॅटिकच्या तेलाचा असतो (काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचं तेलही लालच असतं, त्यामुळे जागा बघा). मधासारखं दाट, गंधकासारखा उग्र वास येणारं तेल मॅन्युअल गिअरबॉक्सचं किंवा डिफरन्शिअलचं. मग कागदावर लक्षणं उतरवून काढा: कोणत्या गिअरमध्ये, गाडी थंड असताना की तापल्यावर, अॅक्सिलरेटर दाबताना की सोडताना. ‘गिअरला प्रॉब्लेम आहे’ एवढंच सांगणाऱ्या ग्राहकाला मेकॅनिकही तेवढंच मोघम उत्तर देतो.

पहिली पायरी: बिघाड खरंच गिअरबॉक्सचा आहे का?

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. गिअर नीट पडत नाही म्हणजे गिअरबॉक्स गेला, असं होत नाही. गिअरच्या दांड्यापासून गिअरपर्यंत मध्ये केबल किंवा रॉड, बुश, क्लचचं पेडल, त्याचं हायड्रॉलिक, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट अशी मोठी वरात असते. माझ्या गाडीचा दुसरा गिअर पडेनासा झाला तेव्हा ‘बॉक्स खाली घ्यावा लागेल’ असं ठामपणे सांगण्यात आलं होतं. शेवटी निघाला तो गिअर लिंकेजचा (दांडा आणि बॉक्स जोडणाऱ्या केबल-रॉडचा) फुटलेला प्लॅस्टिकचा बुश. बॉक्सला हातही लावावा लागला नाही. तेव्हापासून ‘बॉक्स खाली घ्यावा लागेल’ या वाक्यानंतर मी ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारतो.

मॅन्युअल गाडीत काही चाचण्या घरच्या घरी होतात.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर एकेक करून टाकून बघा. बंद गाडीत सगळे अलगद पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर संशय क्लचवर घ्या: क्लच पूर्ण सुटत नाहीये. हायड्रॉलिकमध्ये हवा शिरली असेल, मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर गळत असेल, केबल ताणली गेली असेल. यातल्या बऱ्याच गोष्टी बॉक्स न काढता होतात. बंद गाडीतही गिअर अडत असेल तर लिंकेज तपासा, आणि ते ठीक निघालं तरच बॉक्सच्या आत डोकवा.

रिव्हर्स टाकताना करकर होते? गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबा, मनात पाच अंक मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअर पडण्याआधी फिरणाऱ्या भागांचे वेग जुळवणारी यंत्रणा) नसतोच, त्यामुळे घाईत टाकला तर तो ओरडणारच. थांबून टाकल्यावर आवाज गेला तर काळजी नाही. तरीही करकर झाली, तर क्लच सुटत नाहीये.

इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, पाय पेडलवरून काढलेला. आता घरघर येतेय आणि क्लच दाबल्यावर थांबतेय? मग आतल्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर संशय, म्हणजे बॉक्स उघडण्याचं काम. उलट, पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. त्यासाठी बॉक्स खाली घ्यावा लागतो, पण उघडावा लागत नाही. मजुरीत आणि एकूण बिलात यामुळे मोठा फरक पडतो, आणि कान देऊन ऐकलं तर तो फरक तुम्हालाच कळतो.

मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि गाडी मात्र जागच्या जागी रेंगाळली, तर क्लच घसरतोय. जळका वास आला तर खात्रीच.

एकाच गिअरला करकर होते, विशेषतः गाडी थंड असताना किंवा पटकन बदलताना, तर त्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग झिजलेली असते. शहरात सतत वरखाली होणारा दुसरा गिअर बहुधा आधी तक्रार करतो. अॅक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप सुटत असेल तर आधी इंजिनाचे माउंट आणि लिंकेज बघायला सांगा. माउंट फाटलं की इंजिन-गिअरबॉक्स मिळून हलतात आणि दांडा स्वतःच गिअर ओढून काढतो. ते ठीक असेल तर आतला फोर्क (गिअर सरकवणारा काटा) किंवा गिअरचे दाते झिजलेत. (गिअरच्या दांड्यावर हात ठेवून गाडी चालवायची सवय असेल तर सोडा. तो भार थेट फोर्कवर जातो.)

गिअरबॉक्सच्या नावावर खपणारे बाहेरचे आवाजही ओळखून ठेवा. वळताना कटकट होते आणि सरळ जाताना थांबते, तो सीव्ही जॉइंट. वेगाबरोबर वाढणारा गुणगुणाट डावी-उजवीकडे झोल घेताना कमीजास्त होतो, तो चाकाचं बेअरिंग. दोन्ही कामं गिअरबॉक्सच्या मानाने किरकोळ.

ऑटोमॅटिकमध्ये हातानं तपासण्यासारखं कमी असतं, पण सुरुवात तेलापासूनच होते. तेल तपासायची पद्धत गाडीगणिक बदलते. काहींत इंजिन तापवून चालू ठेवून डिपस्टिक बघतात, काहींत इंजिन बंद केल्या केल्या, आणि बऱ्याच नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. गाडी सपाट उचलून, तेल ठरावीक तापमानाला आणून, बाजूचा बोल्ट उघडून पातळी बघावी लागते. गाडीची पुस्तिका वाचल्याशिवाय यात हात घालू नका. तेल नुसतं कमी असलं तरी झटके, उशिरा पडणारा गिअर, घसरणं ही सगळी ‘बॉक्स गेल्याची’ लक्षणं दिसतात. मात्र तेल कमी झालं म्हणजे ते कुठून तरी गेलं. टॉपअप करून विषय मिटत नाही.

त्यानंतर ओबीडी स्कॅन, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणं. पी०७०० हा कोड दिसला तर घाबरू नका. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे काहीतरी नोंद आहे एवढंच तो सांगतो, खरी नोंद आत असते. पी०७१५ आणि पी०७२० हे वेगाच्या सेन्सरचे, पी०७५० शिफ्ट सोलेनॉइडचा (गिअर बदलवणाऱ्या विजेवरच्या झडपेचा), पी०७४१ टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाची ताकद तेलातून बॉक्सकडे नेणाऱ्या भागाच्या) लॉकअप क्लचचा. सेन्सर, वायरिंग, सोलेनॉइड ही कामं अनेक गाड्यांत बॉक्स न उतरवता होतात. पी०७३० म्हणजे अपेक्षित गिअर रेशो मिळत नाही. तिथे आतल्या प्लेटा घसरत असण्याची शक्यता वाढते. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसली तर ती बहुधा स्वतःला वाचवण्यासाठी सेफ मोडमध्ये गेलेली असते, आणि त्यामागे मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा असू शकते. बॅटरीचा व्होल्टेज बघायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं द्या.

तेल काय सांगतं ते बघा

गिअरबॉक्सचं तेल काढलं जाईल तेव्हा शक्यतो तिथे उभे राहा. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असेल तर ते नेहमीचं झिजणं आहे. बोटांना टोचणारे तुकडे, पत्र्यासारख्या चकत्या किंवा दात्याचा टवका दिसला तर आत काहीतरी तुटलंय. तेलातली सोनेरी चमक पितळी सिंक्रोनायझर रिंगची. ऑटोमॅटिकच्या तेलात काळा गाळ आणि जळका वास म्हणजे क्लच प्लेटांचं अस्तर तेलात आलंय. आणि तेल गुलाबी मिल्कशेकसारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी गिअरबॉक्समध्ये शिरलंय. तशी गाडी एक फेरीसुद्धा चालवू नका; पाण्याने क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं.

मॅन्युअलमध्ये कधीकधी नुसतं चुकीचं तेल हा रोग असतो. जीएल-४ दर्जाचं तेल सांगितलेल्या बॉक्समध्ये कुणी ‘त्याहून भारी’ म्हणून जीएल-५ भरलं, तर त्यातली गंधक-फॉस्फरसयुक्त रसायनं पितळी रिंगांना खाऊ शकतात आणि ते तेल जास्त निसरडं असल्याने रिंगांची पकडही बिघडते. गिअर जड पडत असेल आणि मागच्या वेळी कोणतं तेल भरलं हे कुणालाच आठवत नसेल, तर योग्य तेल भरून काही दिवस चालवून बघणं हा सगळ्यात स्वस्त प्रयोग.

ऑटोमॅटिकचं तेल ‘आयुष्यभरासाठी’ असतं हे तुम्ही ऐकलं असेल. कुणाच्या आयुष्यभरासाठी, हे सांगितलेलं नसतं. अनेक कंपन्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ स्वतः आपल्या ऑटोमॅटिक बॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी तेल बदलायला सांगते. मग ‘जुन्या गाडीत तेल बदललं आणि बॉक्सच बसला’ या कथा कुठून येतात? बहुतेकदा बॉक्स आधीच घसरत असतो, म्हणूनच लोक तेल बदलायला जातात. त्यामुळे माझा नियम साधा आहे: गाडी घसरत नसेल, फक्त थरथर किंवा झटके असतील, तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच तेल घालून बदला. नुसतं खालून काढलं तर जुनं बरंचसं तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून थोडं चालवून दोन-तीनदा बदलावं लागतं. घसरायला लागलेल्या, जळक्या तेलाच्या बॉक्सवर मात्र तेलाचे पैसे घालवू नका.

दुसरी पायरी: तुमचा बॉक्स कोणत्या जातीचा?

मॅन्युअल बॉक्स उघडून एकेक भाग बदलता येतो. बेअरिंग, रिंग, सील सुटे मिळतात आणि जुन्या हातांना हे काम येतं. एएमटी म्हणजे मॅन्युअलच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. तिथे पहिला संशय अॅक्ट्युएटर (हे हलवणारं यंत्र), त्याचा पंप आणि झिजलेल्या क्लचवर घ्यावा. क्लच बदलल्यावर कॉम्प्युटरने नवी जागा शिकवून घ्यावी लागते. तेवढं राहून गेल्यामुळे नव्या क्लचवरही झटके खाणाऱ्या गाड्या असतात.

टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक बॉक्स पूर्ण उघडून नव्याने बांधता येतो, पण तो नेहमी तेच काम करणाऱ्याकडेच. सीव्हीटीत, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये, दोन पुल्यांमध्ये पोलादी पट्टा असतो. पुलीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडे आले की सुट्या दुरुस्तीला फारसा अर्थ राहत नाही, बॉक्सच बदलायची वेळ येते. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच आणि ते चालवणारं मेकॅट्रॉनिक युनिट असतं. त्यातला नेमका कोणता भाग गेला यावर बिल दुपटी-चौपटीने बदलतं, म्हणून तिथे निदानावर खर्च करायला कचरू नका.

खर्चाला हात घालण्यापूर्वी चेसिस नंबर देऊन कंपनीकडे एक चौकशी करा: या मॉडेलच्या गिअरबॉक्ससाठी रिकॉल किंवा वाढीव वॉरंटी होती का? असं घडतं. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने डीएसजी या ड्युअल क्लच गिअरबॉक्सच्या तक्रारींमुळे एकट्या चीनमध्ये ३,८४,१८१ गाड्या परत बोलावल्या. फोर्डने २०१४ मध्ये अमेरिकेत पॉवरशिफ्ट हा ड्युअल क्लच बॉक्स असलेल्या काही फिएस्टा आणि फोकस गाड्यांची वॉरंटी वाढवली. तुमची गाडी फार जुनी असेल तर मुदत संपलेली असेल, पण विचारायला काही लागत नाही. शिवाय त्या मॉडेलमध्ये तोच रोग सरसकट होता हे कळलं, तर भंगारातला तसाच जुना बॉक्स बसवण्याआधी तुम्ही दोनदा विचार कराल.

तिसरी पायरी: गिअरबॉक्स विसरा आणि बाकीची गाडी बघा

गिअरबॉक्स नीट असता तर ही गाडी मी आणखी किती वर्षं ठेवली असती? या प्रश्नाचं खरं उत्तर काढण्यासाठी गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्या, आणि तेही बॉक्स खाली घेण्याआधी.

सर्वात आधी गंज. दरवाज्याच्या कडेवरचा गंज दिसायला वाईट, पण तो झाकता येतो. सिल (दरवाज्यांखालची पत्र्याची पट्टी), चेसिसचे सांगाडे, सस्पेन्शन जिथे बोल्टने जोडलंय त्या जागा सडल्या असतील तर मामला वेगळा. तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आणि टोकाने टोचून बघतात. खणखणीत आवाजाऐवजी भसका आवाज आला किंवा टोक आत गेलं तर नवा गिअरबॉक्स सडलेल्या डब्यात बसवू नका.

मग इंजिन. गिअरबॉक्स बंद असला तरी इंजिन चालू होतं, त्यामुळे कॉम्प्रेशन टेस्ट करता येते. सिलिंडरा-सिलिंडरांत १०–१५ टक्क्यांहून जास्त फरक, एग्झॉस्टमधून सतत निळा धूर किंवा कूलंट गुपचूप कमी होणं, यातलं काही असेल तर पुढचं मोठं बिल इंजिनाचं आहे. टायमिंग बेल्ट कधी बदलला, हेही विचारा. मुदत उलटलेला बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात.

टायर, ब्रेक, सस्पेन्शन, एसी यांची मात्र फक्त यादी करा. या झिजणाऱ्याच वस्तू आहेत, त्यांचा खर्च कोणत्याही जुन्या गाडीत येणारच. पुढच्या वर्षभरात येणाऱ्या अशा खर्चांची बेरीज करून ठेवा, ती हिशेबात लागणार आहे. गाडीची नोंदणी किंवा सक्तीची तपासणी लवकर संपत असेल तर तीही तारीख लिहा. गाडीचे महिने कधीकधी यंत्राआधी कागद ठरवतात.

चौथी पायरी: एक नव्हे, दोन-तीन मार्गांचे आकडे घ्या

एकाच गॅरेजचा एकच आकडा म्हणजे निर्णय नव्हे. मार्ग साधारण असे असतात: बिघडलेला भाग तेवढा बदलणं, बॉक्स पूर्ण उघडून बांधणं, रीकंडिशन केलेला बॉक्स बदलीवर घेणं, अपघातात गेलेल्या गाडीतून काढलेला जुना बॉक्स बसवणं. नवा कोरा बॉक्स जुन्या गाडीला क्वचितच परवडतो, त्यावर शाई घालवत नाही.

तेवढाच भाग बदलण्यात धोका असा, की बाकीचे भागही तितकेच चाललेले असतात. तरीही एका गिअरची रिंग गेली आहे आणि तेलात तुकडे नाहीत, अशा वेळी मी हाच मार्ग घेईन. बेअरिंग फुटून कीस सगळीकडे गेला असेल तर पूर्ण बांधणीशिवाय इलाज नाही.

जुना बॉक्स स्वस्त पडतो, पण तो बॉक्सवरच्या कोडसकट जुळला पाहिजे. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन बॉक्सचा फायनल ड्राइव्ह रेशो (चाकांकडे जाताना शेवटी वेग किती कमी होतो ते प्रमाण) वेगळा असू शकतो. मग वेगाचा काटा चुकतो, पिकअप बदलतो आणि ऑटोमॅटिक असेल तर कॉम्प्युटर भांडायला लागतो. शक्य असेल तर तो बॉक्स ज्या गाडीत होता ती किती किमी चालली, हे विचारा आणि तेल काढून बघितल्याशिवाय घेऊ नका.

कोणताही मार्ग घ्या, बॉक्स खाली आलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकशाफ्टचं मागचं सील आणि अॅक्सलची सीलं बघून घ्या. बॉक्स चढवण्या-उतरवण्याची मजुरीच मोठी असते. अर्ध्या झिजलेल्या क्लचसाठी वर्षभराने तीच मजुरी पुन्हा द्यायची म्हणजे एकाच पावसात दोनदा भिजणं. डिझेल गाडीत ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाची थरथर शोषणारं दोन भागांचं जड चाक) असेल तर त्याची हालचाल मोजून घ्या; तो एकटा भाग अंदाजपत्रक उलटवू शकतो. ऑटोमॅटिक बांधून घेत असाल तर तेलाचा कूलर आणि नळ्या साफ करणं किंवा बदलणं कामात धरलंय का, हे नक्की विचारा. जुन्या बॉक्सचा कचरा कूलरमध्ये दबा धरून बसतो आणि नव्या बॉक्समध्ये उतरतो.

लेखी घ्यायच्या गोष्टी थोड्याच आहेत. आकड्यात तेल, सीलं आणि मजुरी धरली आहे का, बॉक्स उघडल्यावर आणखी काही निघालं तर काम पुढे नेण्याआधी विचारणार का, काढलेले भाग परत मिळणार का, आणि गॅरंटी किती महिन्यांची व किती किमीची आहे. गॅरंटी फक्त भागांची आहे की मजुरीचीही, यावर बरीच भांडणं होतात. शिवाय उघडून बघितल्यावर तुम्ही ‘नको’ म्हणालात, तर उघडण्याचे किती लागतील, तेही आधीच ठरवा.

पाचवी पायरी: महिन्यांचा हिशेब

आता आकडे. कोणत्याही चलनात बसावेत म्हणून चालू स्थितीतल्या तुमच्या गाडीची किंमत १०० धरू. बिघडलेल्या गिअरबॉक्ससकट आज विकली तर ४५ येतात. हा ४५ चा आकडा लोक विसरतात. दुरुस्ती करायची ठरवली म्हणजे हे ४५ तुम्ही गाडीत अडकवले, म्हणून तेही खर्चात धरायचे. दुरुस्ती ४०, वर्षभरात येणारी बाकी कामं १५. तीन वर्षांनी गाडी विकाल तेव्हा ५० मिळतील असं धरू.

४५ + ४० + १५ − ५० = ५०. छत्तीस महिन्यांनी भागलं की महिन्याला साधारण १.३९.

दुसरा मार्ग: तशीच, पण चालती, जुनी गाडी १०० ला घेतली. नावावर करणं, पहिली सर्व्हिस, टायर वगैरे २०. तीन वर्षांनी तीही ५० ला जाईल. १०० + २० − ५० = ७०, महिन्याला १.९४. तिसरा मार्ग: जरा नवी गाडी १८० ला, वर २०, तीन वर्षांनी १०५ मिळाले. ९५ लागले, महिन्याला २.६४. देखभाल प्रत्येक गाडीला लागणारच, ती फार वेगळी असेल तर त्या त्या रकान्यात घाला.

दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या ४० टक्के असूनही स्वस्त पडली. एवढंच नाही, तशीच दुसरी गाडी घेण्याच्या तुलनेत दुरुस्ती ६० पर्यंत गेली तरी दोन्ही मार्ग बरोबरीत राहतात. आणि त्या दुसऱ्या गाडीच्या गिअरबॉक्सचं काय चाललंय, हे तुम्हाला कुठे माहीत असतं? आपल्या गाडीची दुखणी निदान ओळखीची तरी असतात.

आता याच गाडीच्या सिलला गंज निघाला असं समजा. दहा महिन्यांनी ती तपासणीत बाद होणार आणि भंगारात २५ येणार. ४५ + ४० + १५ − २५ = ७५, भागिले १०. महिन्याला ७.५. गिअरबॉक्स तोच, बिल तेच. तिसऱ्या पायरीवर काढलेल्या महिन्यांनी निकाल फिरवला.

तुमचे आकडे घालून ती बरोबरीची रक्कम गॅरेजमध्ये पाऊल टाकण्याआधी काढून ठेवा. अंदाज त्याच्या खाली असेल तर हो, वर गेला तर नाही. त्यातही बांधणी होणार असेल आणि गॅरंटी जेमतेम असेल, तर मी माझी मर्यादा आणखी पाचव्या हिश्श्याने खाली आणतो, कारण बॉक्स उघडल्यावर आकडा वाढतो, कमी होताना मी पाहिलेला नाही. मागच्या वर्षी टायर, बॅटरी, पेंट यांवर घातलेले पैसे या हिशेबात कुठेही येत नाहीत. ते गेले. मात्र त्यामुळे बाकी कामांचा १५ चा आकडा ५ वर आला असेल, तर तेवढा फायदा जरूर धरा.

नव्या गाडीत जास्त एअरबॅग, चांगले ब्रेक, कमी इंधन मिळत असेल तर १.३९ आणि २.६४ मधला फरक त्यासाठी देणं वेडेपणाचं नाही. फक्त ‘दुरुस्ती परवडत नव्हती’ असं त्याला म्हणू नका.

दुरुस्त न करता चालवणं

हाही एक मार्ग आहे, पण अरुंद. दुसऱ्या गिअरची रिंग झिजली आहे, आवाज नाही, गळती नाही, तुकडे नाहीत, आणि गाडी वर्षभरच ठेवायची आहे. तर डबल क्लच शिका. वरचा गिअर टाकताना क्लच दाबून न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस थोडी उतरू द्या, पुन्हा क्लच दाबून गिअर टाका. खालच्या गिअरला न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असतानाच हलकी रेस द्या. सिंक्रोनायझर येण्याआधी सगळे असंच चालवत होते.

बेअरिंगचा आवाज, गिअर सुटणं, तेलगळती आणि ऑटोमॅटिकचं घसरणं यांच्यासोबत असं दिवस ढकलणं चालत नाही. बेअरिंग जाम झालं तर वेगात असताना चालकचाकं अडकू शकतात, बॉक्सचं आवरण फुटू शकतं.

विकायची ठरली तर, आणि दुरुस्त करून घेतली तर

बिघडलेली गाडी विकताना लेखी निदान सोबत ठेवा आणि दोष स्पष्ट सांगा. ‘गिअरबॉक्सला काहीतरी आहे’ असं ऐकणारा गिऱ्हाईक सगळ्यात वाईट शक्यतेचे पैसे कापतो. ‘रिलीज बेअरिंग गेलंय, हा तपासणीचा कागद’ असं ऐकणारा बेअरिंगचेच कापतो. गाडी तोडून भाग विकणाऱ्यांनाही विचारा. इंजिन आणि बॉडी चांगली असेल तर ते कधीकधी जास्त देतात.

दुरुस्त करून घेतली असेल तर ताबा घेण्याआधी मेकॅनिकला शेजारी बसवून किमान अर्धा तास चालवा, म्हणजे तेल पूर्ण तापेल. थंड बॉक्स बरेच दोष लपवतो. सगळे गिअर, रिव्हर्स, चढ, अचानक अॅक्सिलरेटर सोडणं, सगळं करून बघा. नवा क्लच असेल तर पहिले काहीशे किलोमीटर तो घासत ठेवू नका. हजार किलोमीटरनंतर तेलाची पातळी पुन्हा तपासून घ्या, गॅरंटीचा कागद गाडीत न ठेवता घरी ठेवा, आणि पहिला आठवडाभर रोज रात्री तोच पुठ्ठा गाडीखाली सरकवा.